‘कागद बदलते, हात नै बदलते’: दादांचा धडा आणि आपली पोरं

गेल्या बकरी ईदला मी पुण्याहून घरी गेलो होतो. घर म्हणजे नगर. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण एसटीत बसताना तोंडातून अजून नगरच निघतं. जेवणं झाल्यावर माझा एकोणीस वर्षांचा भाचा गच्चीवर आला आणि म्हणाला, “मामू, मी डिप्लोमा सोडतोय.”

दुसऱ्या वर्षाला आहे. डोकं चांगलं आहे. नापासही झालेला नाही. कारण विचारलं तर म्हणाला, त्याच्या वर्गात पहिला येणारा एक मुलगा होता. मोबाइलवर एक स्टेटस ठेवलं म्हणून त्याचं नाव एका गुन्ह्यात आलं. आता तो कॉलेजात कमी आणि कोर्टात जास्त दिसतो. “तो पहिला यायचा मामू. काय उपयोग झाला? मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात मला आजच्या आज पंधरा हजार मिळतायत.”

मला वाटलं, दाजी त्याला रागावतील. ते शांतपणे म्हणाले, “हाताला काम असलेलं बरंच. कागद बदलते, हात नै बदलते.”

मी गप्प झालो. हे वाक्य दाजींचं नव्हतं, माझ्या दादांचं होतं. दादांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं वाक्य मात्र नातजावयाच्या तोंडून नातीच्या मुलापर्यंत पोहोचलं होतं. ते वाक्य १९४८ सालचं आहे. ते आलं कुठून, त्यातलं खरं किती, आणि २०२५ साली एकोणीस वर्षांच्या मुलाने ते किती मानावं, याबद्दल मला लिहायचं आहे.

आष्टीचा मुलगा

दादा मूळचे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले. आज नगरहून आष्टी म्हणजे दीड-दोन तासांचा रस्ता. तेव्हा ते दुसरं राज्य होतं. नगर जिल्हा इंग्रजांच्या मुंबई प्रांतात आणि आष्टी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिकडे नाणंही वेगळं चालायचं, हाली सिक्का. दादांचे वडील तहसील कचेरीत कारकून होते. दादा बीडला राहून उर्दू माध्यमात शिकत होते. मॅट्रिक व्हायचं, जमलं तर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात जायचं आणि वडिलांसारखी सरकारी नोकरी धरायची, एवढा साधा हिशेब होता. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये दादा सतरा वर्षांचे होते.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं. १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. पाच दिवसांत संपलेल्या या कारवाईला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात. आमच्या घरात मात्र ती पाच दिवसांत संपली नाही. पुढच्या काही आठवड्यांत पणजोबांची नोकरी गेली, घर गेलं आणि दादांचा थोरला भाऊ गेला. उरलेल्यांना शेजारच्या मळ्यातल्या पाटलांनी कडब्याच्या गाडीत लपवून रात्रीतून सरहद्दीपार सोडलं. नगरला दादांच्या मामूंनी आसरा दिला. सहा महिन्यांनी दादा भिंगारला एका सायकलच्या दुकानात पंक्चर काढत होते. शाळेचा दाखला आणि गुणपत्रिका त्यांनी शेवटपर्यंत पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. ती कधी कुणाला दाखवायची वेळच आली नाही.

थोरल्या भावाबद्दल दादा कधी बोलले नाहीत. ते गेल्यावर अब्बांनी मला सांगितलं, “तो रझाकारात गेला होता.” वय वीस. कुणीतरी खाकी कपडे दिले, कुणीतरी भाषण ऐकवलं. त्याने स्वतः काय केलं, ते घरात कुणालाच ठाऊक नाही, किंवा असेल तर कुणी सांगितलं नाही. पंचाहत्तर वर्षं आमच्या घरात दुःख आणि शरम एकाच पेटीत बंद होती. म्हणून दोन्हींबद्दल कुणी बोललं नाही.

दोन्ही बाजूंचा हिशेब

हैदराबाद संस्थानात मुसलमान साधारण १२-१३ टक्के होते. बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारे. सरकारी नोकऱ्यांत मात्र मुसलमानांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त होतं. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं. आधुनिक उच्च शिक्षण एका भारतीय भाषेत देणं ही मोठी गोष्ट होती, यात शंका नाही. पण ज्याच्या घरात मराठी किंवा तेलुगू, त्याच्यासाठी ते दार अरुंदच होतं. ही व्यवस्था न्यायाची नव्हती, हे आपण मोकळेपणाने म्हटलं पाहिजे.

त्यावर लातूरचे वकील कासिम रझवी यांनी रझाकारांची फौज उभी केली. तिने गावोगाव लूट, जाळपोळ आणि खून केले. त्यात मारले गेलेले फक्त हिंदू नव्हते. शोएबुल्ला खान हा तरुण उर्दू पत्रकार ‘इमरोज’ नावाचं दैनिक चालवायचा. संस्थानाने भारतात सामील व्हावं, असं तो उघड लिहायचा. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याचा खून केला आणि त्याचा हात तोडला. आपल्या मुलांना हे नाव माहीत नसतं. माहीत असायला हवं.

मग पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि रझाकारांच्या गुन्ह्यांची शिक्षा ज्यांनी काहीच केलं नव्हतं अशा हजारो लोकांना मिळाली. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकाने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानभर फिरून अहवाल दिला. कारवाईदरम्यान आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना बसली. आपल्या शेजारचं बीडही सुटलं नाही. रझाकारांचे अत्याचार त्या अहवालाने नाकारले नाहीत. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही त्यात नोंद आहे. आमचे पाटील त्या अहवालात नाहीत, पण तसे पाटील बरेच होते. हा अहवाल कित्येक दशकं लोकांपासून दूर ठेवला गेला.

आता पुढचं बघा. निजाम १९५० साली राजप्रमुख झाले. कासिम रझवी काही वर्षं तुरुंगात राहिले, १९५७ साली सुटले आणि पाकिस्तानात गेले. पंतप्रधान मीर लायक अली त्याआधीच निसटले होते. ज्यांनी निर्णय घेतले आणि भाषणं ठोकली, त्यांची काही ना काही सोय लागली. ज्याने भाषण ऐकलं तो वीस वर्षांचा मुलगा परत आला नाही. त्याच्या सतरा वर्षांच्या भावाची शाळा सुटली. उथळ डोक्याच्या पुढाऱ्यांचं बिल पोरांच्या नावावर फाटतं, हे मी आमच्या घरावरून शिकलो.

जी पोरं जिवंत राहिली त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. दप्तरातून उर्दू गेली. उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं. १९४९ साली जहागिऱ्या रद्द झाल्या. हे गरजेचंच होतं, पण त्यांवर पोसलेली छोटी छोटी नोकरमाणसंही रस्त्यावर आली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. आता नोकरीला मराठी आणि इंग्रजी हवी. दहा वर्षं उर्दूत शिकलेला तरुण विशीतच निरक्षरासारखा झाला. ‘कागद बदलते’ हे दादांनी कुठे वाचलेलं नव्हतं. त्यांच्या हातातला कागद खरोखर बदलला होता.

नागपूरने उघडलेलं दार

याच संस्थानात दहा वर्षं आधी दुसऱ्या एका पिढीची शाळा सुटली होती. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटलं. प्रशासनाने बंदी घातली. आंदोलन उस्मानियापर्यंत पोहोचलं आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं. त्या गीताबद्दल आपलं मत काहीही असो, गाणं म्हटलं म्हणून मुलाचं शिक्षण बंद करणं हा जुलूमच होता. तो आपल्या नावाने चालणाऱ्या राजवटीने केला होता.

पण ती मुलं वाया गेली नाहीत. नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक. त्यांच्यातल्या कित्येकांनी पदव्या घेतल्या आणि परत येऊन वकिली केली, शाळा चालवल्या, राजकारण केलं.

मी हे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघतो. १९३८ ची मुलं आणि १९४८ ची मुलं यांच्यात हुशारीचा फरक नव्हता. एकांसाठी कुठेतरी एक दार उघडलं. माझ्या दादांच्या वाट्याला नागपूर आलं नाही, सायकलचं दुकान आलं.

चीनमधली हरवलेली पिढी

हे फक्त आपल्याकडे घडलं असं नाही. आपल्याच काळात, याहून प्रचंड प्रमाणात हे चीनमध्ये घडलं. १९६६ साली माओने ‘सांस्कृतिक क्रांती’ सुरू केली. विद्यापीठांची प्रवेश परीक्षा बंद झाली. शाळा-कॉलेजातली मुलं ‘रेड गार्ड’ झाली. त्यांनी आपल्याच शिक्षकांना मारहाण केली, त्यांची धिंड काढली, पुस्तकं जाळली. दोन वर्षांत ही मुलं राज्यकर्त्यांना जड व्हायला लागली. १९६८ च्या अखेरीस आदेश निघाला की शहरी तरुणांनी शेतकऱ्यांकडून धडे घ्यायला खेड्यात जावं. पुढच्या दहा-बारा वर्षांत सुमारे १ कोटी ७० लाख मुलामुलींना गावांत आणि सरहद्दीवरच्या शेतांवर पाठवलं गेलं. ज्यांना आधी क्रांतीचे सैनिक म्हटलं, त्यांच्याच हातात कुदळ दिली.

रझाकारात गेलेला माझा चुलत आजोबा मला या मुलांत दिसतो. आधी वापरला गेलेला आणि मग टाकून दिलेला. त्याने कुणाचं नुकसान केलं असेल तर तो गुन्हाच. पण वीस वर्षांच्या मुलाच्या हातात ते हत्यार देणारे वेगळे होते.

१९७७ च्या हिवाळ्यात चीनमध्ये प्रवेश परीक्षा परत सुरू झाली. अकरा वर्षांची मुलं एकदम परीक्षेला बसली, सुमारे ५७ लाख. शेतात राबून आलेले, तिशीला टेकलेले, लहान भावंडांबरोबर एकाच वर्गात. प्रवेश मिळाला जेमतेम २ लाख ७० हजारांना, म्हणजे शंभरात पाच जणांना. पण ते पाच कोण होते? ज्यांनी खेड्यातही जुनं गणिताचं पुस्तक टाकून दिलं नव्हतं ते. दार कधी उघडेल हे त्यांना ठाऊक नव्हतं. उघडलं तेव्हा ते तयार होते.

उरलेल्या पंचाण्णव जणांचं काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे. त्यातले बरेच जण कारखान्यांत लागले. १९९० च्या दशकात सरकारी कारखान्यांनी नोकरकपात केली तेव्हा कमी शिकलेली, चाळिशी ओलांडलेली हीच माणसं आधी घरी बसली. उलथापालथीचं नुकसान एकदाच होत नाही. ते वीस वर्षांनी पुन्हा वसुलीला येतं.

आपल्याकडची उशिरा उघडलेली दारं

मराठवाड्यातही दारं उघडली, पण उशिरा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. निजामी राजवटीत शतकानुशतकं शाळेबाहेर ठेवलेल्या समाजाची मुलं तिथे शिकली आणि पुढच्या तीस वर्षांत त्यांनी मराठी साहित्य आणि राजकारण हलवून सोडलं. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आलं. डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने १९६३ साली औरंगाबादला मौलाना आझाद कॉलेज सुरू झालं. तोवर दादा बत्तीस वर्षांचे होते. तीन मुलं होती आणि भाड्याच्या जागेत स्वतःचं सायकलचं दुकान होतं.

मी दादांना दोष देत नाही. त्यांच्या धड्यानेच आमचं घर जगलं. पंक्चरच्या दुकानावर अब्बा वाढले, अब्बांच्या गॅरेजवर मी शिकलो. २००८ साली मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा दादांनी विचारलं होतं, “इसमें हात का काम क्या है?” मी त्यांना नेट कॅफेत नेलं आणि कीबोर्डवर टाइप करून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पेटीतून पाच हजार रुपये काढून दिले. मला फी भरण्यापेक्षा त्यांचा तो होकार मोठा वाटला.

त्यांच्या वाक्यात खोट एवढीच की ते एका सालासाठी खरं होतं आणि आपण त्याला कायमचा नियम करून टाकलं. कागद बदलतात, हे खरं. पण हातही बदलतात. सायकली कमी झाल्या, गॅरेजमध्ये गाड्यांना आता लॅपटॉप लावावा लागतो, आणि माझा भाचा ज्या मोबाइल दुरुस्तीवर पंधरा हजार कमावणार आहे तिचं दहा वर्षांनी काय होईल, हे कुणी सांगावं? हाताचं काम आणि शिक्षण यांतलं एकच निवडायचं, ही अटच भीतीने घातलेली आहे.

आत्ता, आपल्या गल्लीत

‘भिऊ नका, शिका’ म्हणून मी मोकळा होणार नाही. भीतीला कारणं आहेत. २०२३ च्या मे-जूनमध्ये शेवगाव, संगमनेर, नगर आणि कोल्हापुरात काय झालं ते आपण पाहिलं आहे. दंगल दोन दिवसांत संपते. गुन्ह्यात नाव आलेल्या मुलाच्या तारखा वर्षानुवर्षं चालतात. नोकरी देताना कंपन्या उमेदवाराची पार्श्वभूमी तपासतात. माझ्या कामाच्या क्षेत्रात मी हे रोज बघतो. गुन्हा दाखल होणं म्हणजे दोषी ठरणं नव्हे, हे कायद्यात लिहिलेलं आहे. एचआरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ते दर वेळी आठवतंच असं नाही.

दारंही बंद होत गेली आहेत. २०१४ साली राज्याने मुसलमानांना ५ टक्के आरक्षण दिलं. उच्च न्यायालयाने शिक्षणातलं आरक्षण तात्पुरतं चालू ठेवलं होतं, तरी सरकार बदललं आणि अध्यादेशाची मुदत तशीच संपू दिली. २०२२ साली केंद्राने पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आणि संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिप बंद केली. मौलाना आझाद म्हणजे आपल्याच नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना ‘गुबार-ए-खातिर’ लिहिणारे देशाचे पहिले शिक्षणमंत्री. ही दारं सरकारने उघडावीत, ही मागणी आपण सोडायची नाही. निवेदनं द्यायची, कोर्टात जायचं, मतं मागायला आलेल्यांना विचारायचं. पण १९६३ ची वाट बघत बत्तीस वर्षांचं व्हायचं नाही.

मला तीन गोष्टी सुचतात. तिन्ही आपल्या आवाक्यातल्या आहेत.

पहिली, शाळा सुटू द्यायची नाही, मग ती कुठल्याही मार्गाने चालू राहो. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, दहावी-बारावीसाठी राष्ट्रीय मुक्त शाळा आहे, आयटीआय आहे. दिवसा दुकानात काम आणि रात्री अभ्यास, यात कमीपणा नाही. आपल्यातल्या प्रत्येक पगारदाराने एका मुलाच्या फीची आणि फॉर्मच्या तारखांची जबाबदारी घ्यावी. फीइतक्याच तारखा महत्त्वाच्या आहेत. पुष्कळ मुलं पैशाअभावी नाही, फॉर्म चुकल्यामुळे सुटतात.

दुसरी, पोरांना वापरू द्यायचं नाही. जो पुढारी, मग तो आपल्यातला असो की समोरचा, स्वतःच्या मुलाला पुण्या-मुंबईत शिकवतो आणि आपल्या मुलाच्या हातात झेंडा किंवा स्टेटस देतो, त्याला एकच विचारायचं, “तारखेला कोण येणार?” आणि एखादा मुलगा अडकलाच, तर मोहल्ल्याने त्याला वाळीत टाकायचं नाही. पहिल्या दिवसापासून वकील, आणि कॉलेजात जाऊन प्राचार्यांशी बोलणं. भाच्याच्या वर्गातल्या त्या मुलासाठी कुणीच कॉलेजात गेलं नाही. माझ्या मते भाच्याला खरी भीती त्या गोष्टीची वाटली.

तिसरी, घरातली पेटी उघडायची. १९४८ पाहिलेली माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत. तुमच्या घरात, शेजारात कुणी असेल तर मोबाइलचा रेकॉर्डर लावून बसा. मारलं गेलेलंही विचारा आणि आपल्यातल्या कुणी केलेलंही. ज्यांनी वाचवलं त्यांची नावंही लिहून ठेवा. आमच्या पाटलांचं नाव दादांनी अब्बांना सांगितलं होतं आणि अब्बा ते विसरले. त्यांच्या नातवंडांना जाऊन भेटायची माझी फार इच्छा आहे. आता कुणाला विचारू?

भाच्याने शेवटी काय ठरवलं, असं तुम्ही विचाराल. मी त्याला चुलत आजोबांची गोष्ट सांगितली, त्या वीस वर्षांच्या मुलाची. आमच्या घरात ती पहिल्यांदाच मोठ्याने सांगितली गेली. दाजीही ऐकत होते. भाचा काही बोलला नाही. तो मोबाइलच्या दुकानात लागला आहे, संध्याकाळी पाच ते नऊ. परीक्षेचा फॉर्म त्याने भरला, पण विलंब शुल्कासह. तारीख माझ्या लक्षात होती, त्याच्या नव्हती. पुढच्या सत्राची तारीख आता दाजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.